ट्रकच्या आतली कॅन लाइन सुरक्षित कशी ठेवावी

नाशिकमध्ये आडगावच्या ट्रक टर्मिनलपासून अंबडच्या औद्योगिक वसाहतीपर्यंत ट्रकच्या वायरिंगची कामे करणारे आम्ही जे लोक आहोत, त्यांच्या कामाचे स्वरूप १ एप्रिल २०२० रोजी भारत स्टेज सहा हे प्रदूषणाचे मानक लागू झाल्यापासून पुरते बदलले. आता इंजिन, गिअरबॉक्स, एबीएस, युरियाची यंत्रणा आणि डॅशबोर्ड यांना स्वतंत्र कंट्रोलर, म्हणजे छोटे संगणक, असतात आणि ते सगळे एकमेकांभोवती पिळलेल्या दोन तारांवरून अखंड बोलत असतात. या तारांच्या जोडीला आम्ही कॅन लाइन म्हणतो. मालक टायरचे नंबर लिहून ठेवतो, डिझेलच्या टाकीला जाळी बसवतो, रात्री गाडी कुठे उभी आहे याची चौकशी करतो; परंतु या दोन तारांना नेमके कोण कोण जोडलेले आहे, हे विचारले तर दहांपैकी एकालाही सांगता येत नाही. ते सांगता यावे आणि नको असलेल्याला तिथून दूर ठेवता यावे, एवढ्यासाठी हे मार्गदर्शन आहे. एक मल्टिमीटर, एक वही, एक टॉर्च आणि प्रत्येक गाडीसाठी अर्धा दिवस एवढे भांडवल पुरेसे आहे.

लाइन कशावर विश्वास ठेवते

कॅन ही पद्धत जर्मनीतील बॉश कंपनीने तयार केली आणि १९८६ साली जगापुढे मांडली. त्या काळी गाडीला बाहेरच्या जगाशी जोडणारी तार नव्हती, सिम नव्हते, ब्लूटूथ नव्हते. त्यामुळे लाइनवर जो बोलतो तो घरचाच आहे, असे गृहीत धरले गेले. लासलगावच्या कांद्याच्या लिलावात बोली लावणाऱ्याकडे बाजार समितीचा परवाना असावा लागतो. कॅन लाइनवर बोलणाऱ्याकडे परवाना मागणारे कोणीच नाही. संदेशावर पाठवणाऱ्याची सही नसते, आणि तो ऐकणारा कंट्रोलर संदेश खरोखर कोणाकडून आला हे तपासू शकत नाही.

जड वाहनांत या लाइनवर जी भाषा बोलली जाते तिला जे-१९३९ म्हणतात. ती अमेरिकेतील एसएई या अभियंत्यांच्या संस्थेने ठरवलेली आहे. कारमध्ये प्रत्येक कंपनीचे संदेश बहुतांशी आपापले असतात, पण ट्रकमध्ये इंजिन एका कंपनीचे, गिअरबॉक्स दुसरीचा आणि ब्रेकची यंत्रणा तिसरीची असू शकते, म्हणून सर्वांना समजेल अशी एकच भाषा लागली. या भाषेत पहिल्या इंजिनाचा पत्ता ०, गिअरबॉक्सचा ३, ब्रेकच्या कंट्रोलरचा ११ आणि बाहेरून लावलेल्या तपासणीच्या स्कॅनरचा २४९ असा ठरलेला आहे. इंजिनाकडून किती जोर किंवा किती फेरे हवेत, हे मागण्याचा संदेशही ठरलेला आहे आणि गिअर बदलताना किंवा चाक घसरताना गिअरबॉक्स व ब्रेकचे कंट्रोलर तो रोज वापरतात. या सारखेपणामुळे एका स्कॅनरने अनेक कंपन्यांच्या गाड्या वाचता येतात आणि आमचे पोट चालते. त्याच सारखेपणामुळे एका गाडीवर साधलेला हल्ला थोड्या फेरफाराने दुसऱ्या गाडीवरही चालण्याची शक्यता वाढते.

हे केवळ कागदावरचे भय नाही. २०१६ साली अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी ट्रेलर ओढणाऱ्या २००६ सालच्या एका जड ट्रॅक्टर ट्रकच्या कॅन लाइनला लॅपटॉप जोडला आणि डॅशबोर्डवरचे काटे हवे तसे फिरवले, इंजिनाचे फेरे वाढवले, चालकाने पेडल दाबूनही गाडीने वेग घेऊ नये असे केले आणि ताशी ३० मैलांच्या खाली, म्हणजे सुमारे ४८ किलोमीटरच्या खाली, इंजिनाच्या जोरावर गाडी रोखणारा इंजिन ब्रेक निकामी केला. हा शेवटचा मुद्दा मी जेव्हा पहिल्यांदा वाचला तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे इगतपुरी सोडल्यानंतरचा कसारा घाट आला. पूर्ण भरलेली गाडी घाट उतरते ती त्याच वेगात, आणि अनुभवी चालक पायाच्या ब्रेकला विसावा देऊन सगळी भिस्त एक्झॉस्ट ब्रेकवर, म्हणजे आपल्याकडच्या इंजिन ब्रेकवर, ठेवतो.

मिशिगनच्या प्रयोगात लॅपटॉप गाडीतच बसलेला होता, आणि म्हणून अनेकांनी त्याकडे दुर्लक्ष केले. परंतु २०२४ साली कोलोरॅडो राज्य विद्यापीठाच्या संशोधकांनी चालकाच्या कामाचे तास नोंदवणाऱ्या, तिकडे कायद्याने सक्तीच्या असलेल्या, यंत्राच्या वायफायमधून शिरून दुसऱ्या चालत्या वाहनातून ट्रकचा वेग कमी करून दाखवला. तसले तास नोंदवणारे यंत्र आपल्याकडे सक्तीचे नाही. पण एका बाजूने कॅन लाइनला आणि दुसऱ्या बाजूने हवेतल्या सिग्नलला जोडलेली डबी आपल्याकडेही बऱ्याच गाड्यांत आहे. तिला आपण जीपीएस म्हणतो.

लाइनची भाषा बदलणे मालकाच्या किंवा वायरमनच्या हाती नाही. लाइनवर कोणाला बसू द्यायचे, हे मात्र पूर्णपणे आपल्या हाती आहे, आणि पुढची सगळी कामे याच एका गोष्टीभोवती फिरतात.

पहिले काम : गाडीची वही

प्रत्येक गाडीसाठी वहीत दोन पाने ठेवावीत. पहिल्या पानावर गाडीचा नंबर, चॅसी नंबर आणि कंपनीतून आलेले कंट्रोलर लिहावेत. दुसऱ्या पानावर नंतर बसवलेली प्रत्येक वस्तू लिहावी : जीपीएस, डिझेलच्या टाकीतला सेन्सर, कॅमेरा, स्पीड लिमिटर, फायनान्स कंपनीने लावलेली डबी, मोबाइल चार्जरच्या नावाखाली डॅशबोर्डमागे घातलेले काहीही. प्रत्येकीपुढे ती कोणी बसवली, कधी बसवली, कोणत्या तारांना जोडली, तिच्यात सिम आहे का, ते सिम कोणाच्या नावावर आहे आणि तिचा पासवर्ड कोणाकडे आहे, हे लिहावे. काही रकाने कोरे राहतील. कोरा रकाना हेच त्या दिवसाचे काम समजावे आणि बसवणाऱ्याला फोन करून तो भरून घ्यावा.

ही यादी विचारून करू नये, पाहून करावी. डॅशबोर्डचे खालचे पॅनेल आणि फ्यूज बॉक्सचे झाकण काढावे, टॉर्च धरावी आणि कंपनीच्या काळ्या नालीदार नळीतून बाहेर पडलेली प्रत्येक तार बोटाने शेवटपर्यंत तपासत जावी. कंपनीचा जोड कपलरमध्ये, म्हणजे तारा जोडणाऱ्या प्लगमध्ये, असतो. बाहेरच्याने मारलेला टॅप इन्सुलेशन टेपच्या गुंडाळीखाली असतो, आणि उन्हाने त्या टेपचा चिकटपणा सुटलेला असल्यामुळे तो हाताला लगेच कळतो. पिवळी, हिरवी अशा तारांच्या रंगावर विसंबू नये, कारण ते कंपनीनुसार बदलतात. एकमेकांभोवती पिळलेली जोडी शोधावी.

यानंतर मल्टिमीटरची चाचणी करावी. गाडी बंद करून चावी काढावी, युरियाचा पंप आपली नळी रिकामी करून थांबेपर्यंत काही मिनिटे जाऊ द्यावीत आणि मग बॅटरीचा कट-ऑफ स्विच बंद करावा. स्कॅनर लावण्याच्या सोळा पिनांच्या ओबीडी सॉकेटमध्ये ६ आणि १४ या पिनांमध्ये रोध मोजावा. नऊ पिनांचे गोल सॉकेट असेल तर सी आणि डी या पिना घ्याव्यात. लाइनच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रोधक असतो, म्हणून मीटरने ६० ओहमच्या आसपास दाखवले पाहिजे. १२० दाखवले तर एक टोक तुटलेले किंवा सुटलेले आहे. ४० दाखवले तर कोणीतरी तिसरा रोधक लाइनवर आणून बसवला आहे, आणि तो बहुधा नंतर लावलेल्या एखाद्या डबीच्या पोटात असतो. पाहुण्या डबीत रोधक नसेल तर मात्र मीटर निमूटपणे ६० च दाखवील, म्हणून ६० आले की निर्धास्त होऊन डोळ्यांनी पाहणे सोडू नये. ज्या गाड्यांत ओबीडी सॉकेट आणि आतली लाइन यांच्यामध्ये गेटवे, म्हणजे निवडक संदेशच पुढे सोडणारा कंट्रोलर, असतो, त्यांत हा आकडा फक्त सॉकेटकडच्या तुकड्याबद्दल बोलतो, हेही वहीत लिहून ठेवावे.

मागच्या पावसाळ्याआधी एका मालकाची जुनी घेतलेली दहाचाकी माझ्याकडे आली होती. तक्रार एवढीच की डॅशबोर्डवरचे दिवे मधूनच लागतात आणि विझतात. मीटरने ४० दाखवले. क्लीनरच्या बाजूच्या कप्प्यामागे, वायपरच्या मोटरला झिप टायने बांधलेली काडेपेटीपेक्षा थोडी मोठी एक डबी निघाली. तिच्यावर धुळीचा थर होता, पण हिरवा दिवा लुकलुकत होता. चालक म्हणाला, "शेठ, गाडी घेतली तेव्हापासून आहे ती." म्हणजे आधीच्या मालकाच्या काळातला जीपीएस चालू सिमसकट दोन वर्षे कॅन लाइनवर बसून होता, आणि त्याचा पासवर्ड ज्या माणसाकडे होता त्याचा या गाडीशी काडीचाही संबंध उरलेला नव्हता. डबी काढली, मीटरने ६० दाखवले, दिवे थांबले. दिव्यांची तक्रार झाली नसती तर ती डबी आणखी किती वर्षे तिथे राहिली असती, हा विचार माझ्या मनातून आजही जात नाही.

ओबीडी सॉकेट

तपासणीचे सॉकेट हा लाइनचा उघडा दरवाजा आहे आणि तो चालकाच्या गुडघ्याजवळ असतो. त्याला कुलूपाचे झाकण मिळते. ते लावावे आणि किल्ली कार्यालयात ठेवावी. त्यात कायम घालून ठेवलेली ब्लूटूथची स्वस्त डोंगल, म्हणजे फोनला माहिती पाठवणारी छोटी डबी, तर अजिबात असू नये. अशा बऱ्याच डोंगलचा पिन १२३४ किंवा ०००० असतो आणि काही तर पिन विचारतही नाहीत, त्यामुळे ढाब्यावर शेजारी उभ्या असलेल्या गाडीतला माणूस फोनवरून त्यांना जोडून घेऊ शकतो. डोंगल वापरायचीच असेल तर तपासणीपुरती लावावी आणि लगेच काढून घ्यावी.

जीपीएस आणि त्याचे भाऊबंद

सर्वाधिक वेळ या डबीला द्यावा, कारण घरात बसून दूरच्या गाडीपर्यंत पोचण्याचा रस्ता हिच्यातूनच जातो. जुलै २०२२ मध्ये अमेरिकेच्या सिसा या सायबर सुरक्षा संस्थेने मायकोडस कंपनीच्या एमव्ही-७२० या जीपीएसविषयी इशारा दिला होता. त्या यंत्रात कारखान्यातच कोरलेला एक मास्टर पासवर्ड होता, आणि त्याच्या आधारे कोणालाही गाडीचा ठावठिकाणा पाहता येत होता व इंधन तोडण्याचा हुकूम देता येत होता. आपल्या गाडीत दुसऱ्या कंपनीचे यंत्र असेल. तरीही खालील गोष्टी प्रत्येक यंत्राबाबत तपासाव्यात.

पासवर्ड आजच बदलावा. अनेक जीपीएस यंत्रे १२३४५६ या पासवर्डने येतात आणि बसवणारा तो तसाच ठेवून निघून जातो. बरीच यंत्रे साध्या एसएमएसवरून हुकूम घेतात. ज्याला सिमचा नंबर आणि हा पासवर्ड ठाऊक तो त्यांचा मालक. म्हणून एसएमएसवरचे हुकूम बंद करता येतात का ते विक्रेत्याला विचारावे, आणि येत नसतील तर फक्त ठरलेल्या नंबरांवरूनच हुकूम स्वीकारले जातील अशी मांडणी करून घ्यावी. सिमवर कॉल येण्याची सोय बंद असावी. सिमचा नंबर गाडीच्या काचेवर, बिलावर किंवा व्हॉट्सॲपच्या गटात कुठेही लिहिलेला नसावा.

इंजिन बंद करणारी रिले, म्हणजे हुकूम मिळताच वीज तोडणारा स्विच, हा विषय मी प्रत्येक मालकाकडे हट्टाने काढतो. हप्ते थकले किंवा गाडी चोरीला गेली तर मोबाइलवरून इंजिन बंद करता यावे म्हणून ही रिले बसवली जाते. भरलेली गाडी उतारावर असताना इंजिन बंद पडले तर स्टिअरिंगची हायड्रॉलिक मदत जाते आणि ते दगडासारखे जड होते, हवेचा कॉम्प्रेसर थांबतो, एक्झॉस्ट ब्रेकही जातो. उरते ती ब्रेकसाठी टाकीत साठलेली हवा. त्यामुळे माझे मत असे आहे की चालती गाडी बंद करणारी रिले असूच नये. ठेवायची असेल तर ती स्टार्टरच्या तारेवर घ्यावी, म्हणजे चालू इंजिनाला धक्का लागणार नाही आणि एकदा बंद झालेली गाडी पुन्हा सुरू होणार नाही. चोर थांबतो, चालक सुरक्षित राहतो आणि हुकूम कोणाच्याही हाती गेला तरी घाटात अनर्थ होत नाही.

आता जोडणी. ज्या जीपीएसला फक्त ठिकाण कळवायचे आहे, त्याला कॅन लाइनची गरजच नाही. बॅटरी, अर्थिंग आणि इग्निशन या तीन तारा त्याला पुरतात. बसवणारा सवयीने कॅनच्या ताराही जोडून टाकतो, त्या काढून घ्याव्यात. डिझेलचा खप, फेरे, तापमान हे लाइनवरून वाचायचे असेल तर तीन मार्ग आहेत आणि ते पसंतीच्या क्रमाने सांगतो. कंपनीने गाडीला फ्लीट मॅनेजमेंटसाठी, म्हणजे ज्याला एफएमएस म्हणतात ते, वेगळे सॉकेट दिले असेल तर तेच वापरावे. युरोपातील ट्रक कंपन्यांनी २००२ साली हे ठरवले, ते बाहेरच्या यंत्राला माहिती मिळावी पण थेट आतल्या लाइनला हात लागू नये याच हेतूने. ते नसेल तर तारांवर चिमट्यासारखा बसणारा, तार न कापता वाचणारा कॅन रीडर घ्यावा. तो ऐकू शकतो, पण त्याला बोलता येत नाही. दोन्ही शक्य नसतील तरच थेट जोडणी करावी आणि ती करताना यंत्र केवळ ऐकण्याच्या पद्धतीवर लावले आहे असे विक्रेत्याकडून लेखी घ्यावे. ही तिसरी वाट कमकुवत आहे, कारण ऐकण्याची ती मर्यादा यंत्राच्या सॉफ्टवेअरमध्ये असते आणि यंत्रच दुसऱ्याच्या ताब्यात गेले तर मर्यादाही त्याच्याच ताब्यात जाते.

विक्रेत्याला आणखी दोन प्रश्न अवश्य विचारावेत. यंत्राचे सॉफ्टवेअर दुरून बदलता येते का आणि बदलताना यंत्र त्यावरची डिजिटल सही तपासते का, हा पहिला. तुमच्या कार्यालयातला माणूस नोकरी सोडून गेला तर आमच्या गाड्यांचा त्याचा लॉगिन कधी बंद होतो, हा दुसरा. उत्तर टाळणाऱ्याकडून यंत्र घेऊ नये. नियमाने बसवावे लागणारे एआयएस-१४० चे ठिकाण कळवणारे यंत्र ज्या वाहनांना लागू आहे, त्यांनी ते काढायचे नाही. त्याची नोंद, त्याचे सील आणि त्याची जोडणी तेवढी तपासून ठेवायची.

शीतपेटीतून, म्हणजे रीफर कंटेनरमधून, माल नेणाऱ्यांसाठी एक जोड. दिंडोरी, पिंपळगाव भागातून द्राक्षांचे रीफर कंटेनर जेएनपीटीला जातात, त्यांच्या तापमान नोंदवणाऱ्या यंत्रालाही सिम आणि पासवर्ड असतो. ते यंत्र ट्रकच्या लाइनवर नसले तरी त्याचा हिशेब याच वहीत ठेवावा.

वर्कशॉपचा लॅपटॉप

जीपीएसखालोखाल मला काळजी वाटते ती आमच्याच व्यवसायाची. गाडीच्या कंट्रोलरमध्ये नवे सॉफ्टवेअर घालू शकणारा लॅपटॉप हा त्या गाडीच्या मेंदूत हात घालणारा लॅपटॉप आहे. त्यावर चोरीचे निदान सॉफ्टवेअर टाकलेले असते, ते चालावे म्हणून अँटिव्हायरस बंद ठेवलेला असतो, त्याच लॅपटॉपवर मुलांचे गेम आणि पेन ड्राइव्हमधली गाणी असतात. क्रॅक केलेल्या सॉफ्टवेअरबरोबर आणखी काय आत आले, हे त्या वर्कशॉपवाल्यालाही ठाऊक नसते. याहून वाईट प्रथा म्हणजे लॅपटॉप गाडीला लावायचा, एनीडेस्क सुरू करायचे आणि फोनवर भेटलेल्या अनोळखी माणसाला दुरून फाइल टाकू द्यायची. असे काम करून घेणाऱ्या मालकाने आपल्या गाडीची किल्ली पत्ता माहीत नसलेल्या माणसाला टपालाने पाठवली असे समजावे.

म्हणून ज्याच्याकडे परवान्याचे सॉफ्टवेअर आहे अशाच ठिकाणी कंट्रोलरला हात लावू द्यावा. आपले स्वतःचे छोटे वर्कशॉप असेल तर निदानाचा लॅपटॉप वेगळा ठेवावा, त्यावर दुसरे काहीही करू नये, त्याला इंटरनेट फक्त अपडेटपुरते द्यावे आणि रात्री तो कपाटात बंद करावा. प्रत्येक वेळी लॅपटॉप लागला की तारीख, माणूस आणि काम वहीत उतरावे.

येथे एक सोपी पण फारशी न वापरली जाणारी सोय सांगतो. बहुतेक चांगले स्कॅनर इंजिनाच्या कंट्रोलरकडून कॅलिब्रेशनची ओळख आणि तिचा पडताळणी आकडा, म्हणजे सीव्हीएन, वाचू शकतात. गाडी नवी असताना किंवा अधिकृत सर्व्हिसनंतर हे दोन आकडे वहीत लिहून घ्यावेत आणि दर सहा महिन्यांनी पुन्हा वाचावेत. अधिकृत अपडेट झालेले नसताना आकडा बदलला असेल, तर आतले सॉफ्टवेअर कोणीतरी बदलले आहे असे समजून शोध घ्यावा. छेडछाड केलेले सॉफ्टवेअर जुनाच आकडा खोटेपणाने सांगू शकते, हे खरे. तरीही हलक्या हाताने केलेले बदल या तपासणीत सापडतात.

युरिया वाचवण्यासाठी बसवल्या जाणाऱ्या इम्युलेटरबद्दल स्पष्टच लिहितो. ही डबी युरियाच्या यंत्रणेचे सोंग घेऊन लाइनवर खोटे संदेश टाकते आणि इंजिन त्यांवर विश्वास ठेवते. प्रदूषण आणि मोटार वाहन कायद्याचा भंग हा त्यातला एक भाग झाला. दुसरा भाग असा की ज्या डबीचा निर्माता कोण हे कळत नाही आणि जिचे कामच लाइनवर खोटे बोलणे हे आहे, तिला आपण पैसे देऊन आत बसवतो. माझ्याकडे आलेल्या गाडीत अशी डबी दिसली तर ती काढल्याशिवाय मी पुढचे काम करीत नाही.

चालकाला काय शिकवावे

रस्त्यावर पहिली खूण चालकालाच दिसणार आहे. डॅशबोर्डवरचा दिवा अनेकदा पाण्याने गंजलेल्या कपलरमुळे, उंदराने कुरतडलेल्या तारेमुळे किंवा उतरलेल्या बॅटरीमुळे लागतो, आणि प्रत्येक बिघाडाला हल्ला समजून घाबरण्यात अर्थ नाही. परंतु संबंध नसलेले अनेक दिवे एकाच वेळी लागणे, गाडी उभी असताना वेगाचा काटा हलणे, पेडलवर पाय नसताना फेरे वाढणे, पेडल दाबूनही फेरे न वाढणे आणि एक्झॉस्ट ब्रेकचा स्विच चालू असूनही इंजिनाने गाडी न धरणे, या पाच खुणा चालकाला तोंडपाठ असाव्यात.

त्या दिसल्यास काय करायचे, हे आडगावच्या मोकळ्या जागेत रिकामी गाडी उभी करून एकदा प्रत्यक्ष दाखवावे. एबीएस असलेल्या गाडीत पायाचा ब्रेक हवेवर चालतो आणि कंट्रोलर बिघडला तरी पेडलपासून चाकापर्यंत हवेचा मार्ग राहतो, हे चालकाला कळले की त्याचा धीर टिकतो. फेरे आपोआप वाढले तर क्लच दाबून ब्रेक एकदाच ठाम दाबावा. पुन्हा पुन्हा पंप केल्यास दर वेळी टाकीतली हवा खर्च होते. घाटात एक्झॉस्ट ब्रेक गेला तर पायाच्या ब्रेकने वेग ठामपणे उतरवून खालचा गिअर घ्यावा आणि पहिल्या मोकळ्या जागी गाडी बाजूला घ्यावी. चालत्या गाडीत चावी फिरवू नये आणि उतारावर गाडी न्यूट्रलला सोडू नये. गाडी थांबली की पार्किंग ब्रेक ओढावा, चाकाखाली ठोकळा लावावा, डॅशबोर्डचा व्हिडिओ घ्यावा आणि मगच इंजिन बंद करावे. इंजिन ऐकत नसेल तर युरियाच्या पंपाची वाट न पाहता कट-ऑफ स्विच बंद करावा.

यानंतरची चूक बहुधा मदतीला धावलेला मेकॅनिक करतो : तो स्कॅनर लावून आधी कंट्रोलरने नोंदवलेले बिघाडाचे सगळे कोड पुसतो. पुसलेले कोड म्हणजे पुसलेला पुरावा. आधी कोडचे फोटो घ्यावेत, ओबीडी सॉकेट आणि जीपीएसचे फोटो घ्यावेत, मग जीपीएसचे कपलर काढून ती डबी सिमसकट पाकिटात बंद करावी आणि त्यावर वेळ लिहावी. तिची आतली माहिती पुसण्याचा किंवा ती रीसेट करण्याचा प्रयत्न करू नये. विक्रेत्याकडून त्या दिवसाची हुकुमांची नोंद लेखी मागवावी. तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात करता येते. ज्यांची वाहतूक कंपनी म्हणून नोंदलेली आहे त्यांनी हे लक्षात ठेवावे की सर्ट-इन या केंद्रीय संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना कळल्यापासून सहा तासांच्या आत ती कळवणे अपेक्षित आहे. घाटातून गाडी ओढून आणण्यातच सहा तास जातात, म्हणून कळवण्याचे काम कार्यालयातल्या एका माणसाकडे आधीच सोपवून ठेवावे.

नवी गाडी घेताना आणि जुनी विकताना

नवी गाडी घेताना शोरूममध्ये मायलेजइतक्याच गांभीर्याने विचारावे की ओबीडी सॉकेट आणि आतली लाइन यांच्यामध्ये गेटवे आहे का, कंपनीच्या टेलिमॅटिक्सची, म्हणजे गाडीची माहिती दूर पाठवणाऱ्या यंत्रणेची, लाइन ब्रेक व इंजिनाच्या लाइनपासून वेगळी आहे का, आणि सुरक्षेचे अपडेट किती वर्षे मिळतील. संयुक्त राष्ट्रांचा आर-१५५ हा वाहनांच्या सायबर सुरक्षेचा नियम जानेवारी २०२१ पासून अमलात आला आणि युरोपात जुलै २०२४ पासून सर्व नव्या वाहनांना तो लागू झाला. त्याच धर्तीवर आपल्याकडे एआयएस-१८९ हे मानक आहे. गाडीचे हे मॉडेल त्यांपैकी कशानुसार तपासले गेले आहे, असे विचारले की विक्रेता कंपनीला पत्र लिहितो, आणि असे प्रश्न नाशिकहून वारंवार गेले तर कंपन्यांनाही त्यांची दखल घ्यावी लागेल. ट्रेलर जोडणाऱ्यांनी ट्रेलरचे एबीएसचे कपलर आणि त्यामागची पेटी त्याच नजरेने तपासावी, कारण आज आपल्या ट्रॅक्टरमागे असलेला ट्रेलर काल कोणाच्या मागे होता हे बहुधा सांगता येत नाही.

जुनी गाडी घेतली तर पहिल्या फेरीआधी वर सांगितलेली मीटरची आणि डोळ्यांची तपासणी करावी, नियमाने लागणारी सोडून सगळी जुनी यंत्रे काढावीत, आणि ठेवलेल्या यंत्रांची खाती व सिम आपल्या नावावर करून घ्यावीत. गाडी विकताना हेच उलट करावे : जीपीएसच्या ॲपमधून ती गाडी काढावी, सिम बंद करावे, आपण बसवलेल्या डब्या उतरवून जोड कपलरपर्यंत पूर्ववत करावेत, मीटरने ६० ओहम येतात याची खात्री करावी आणि वहीतली ती दोन पाने आरसीबरोबर नव्या मालकाच्या हाती द्यावीत.